चार दिवस दिल्ली, मधे सोमवार आणि सासऱ्यांचे गुडघे

ताई, तुमच्या यादीत सतरा ठिकाणं आहेत. मी मोजली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शनिवारी सकाळी उतरून मंगळवारी रात्री परतीची गाडी, सोबत सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, सासऱ्यांचे गुडघे दुखरे, मुलगा बारा वर्षांचा. त्यात एक दिवस आग्रा बसेल का आणि गाईड घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी बावीस वर्षं दिल्लीत मराठी मंडळींना फिरवतोय, त्या अनुभवावर सांगतो: सतरापैकी आठ ठेवा. बाकीची खोडली म्हणून कुणी परत पाठवत नाही.

आधी सोमवारचं बघू. दिल्लीत लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, गांधी स्मृती, राष्ट्रपती भवन, पंतप्रधान संग्रहालय, सगळं सोमवारी बंद. तुमच्या यादीतलं अक्षरधाम आणि लोटस टेंपलसुद्धा. मी हे पुस्तकात वाचून शिकलो नाही. धंद्याच्या पहिल्याच वर्षी चाळीस माणसांची बस घेऊन मी सोमवारी सकाळी नऊ वाजता लाहोरी दरवाज्यासमोर उभा होतो आणि दरवाजा बंद. एक आजोबा म्हणाले, "अरे, तू इथलाच ना?" अजून आठवलं की कान गरम होतात. तुमचा सोमवार नेमका मधोमध येतोय, तेव्हा तो कुतुब मिनार आणि हुमायूनच्या मकबऱ्याला देऊन टाका. ती दोन्ही आवारं रोज उघडी असतात.

आग्रा नको. मराठी घरात आग्रा म्हटलं की ताजमहालाच्या आधी १६६६ सालची सुटका आठवते, म्हणून मोह होतो हे मला कळतं. पण पहाटे चारला उठून, धुक्यातून गाडी हाकत जायचं, किल्ल्यात तासभर, ताजमध्ये तासभर आणि रात्री अकराला परत, यात सासरेबुवांचे पुढचे दोन दिवस जातील. आग्र्याला जायचं तर तिथे एक रात्र मुक्काम करून जा, आणि शुक्रवार टाळा, त्या दिवशी ताज बंद असतो.

शनिवारी गाडी वेळेवर येईल असं धरू नका. डिसेंबरात धुकं पडायला लागलं की उत्तरेकडच्या गाड्या दोन-चार तास सहज लांबतात. त्यामुळे शनिवारी ज्याला वेळेचं बंधन नाही तेच ठेवा. खोलीवर सामान टाका आणि जेवायला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनात जा. बाहेरच्या माणसालाही तिथे जेवता येतं. पहिल्याच दिवशी सासूबाईंच्या पोटात ओळखीचं अन्न गेलं की पुढचे तीन दिवस पराठे सुखाने पचतात, हा माझा अनुभव.

तिथून जंतरमंतर जवळ आहे. हे मुलासाठी. जयपूरच्या सवाई जयसिंगाने १७२४ च्या सुमारास बांधलेली ही वेधशाळा लोक दहा मिनिटांत लाल भिंतींपुढे फोटो काढून उरकतात, कारण ते काय आहे हे कुणी सांगत नाही. मुलाला सम्राट यंत्रापुढे उभं करा. तो उंच तिरका जिना म्हणजे घड्याळाचा काटा आणि दोन्ही बाजूंच्या कमानदार पट्ट्या म्हणजे तबकडी. ऊन असेल तर सावली कुठे पडलीय ते बघून हातातल्या घड्याळाशी ताडून बघायला सांगा. जमणार नाही, सावलीचं घड्याळ मागे असेल. आपली भारतीय वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे आणि दिल्ली आहे सव्वासत्त्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सरासरी एकवीस मिनिटांचा फरक, ऋतूप्रमाणे थोडा कमी-जास्त. हे गणित त्याला स्वतःला करू द्या. बारा वर्षांच्या पोराला दिल्लीत दुसरं काही आठवलं नाही तरी हे आठवतं.

संध्याकाळी इंडिया गेटच्या मागे राष्ट्रीय समर स्मारक. इंडिया गेट इंग्रजांनी पहिल्या महायुद्धातल्या आणि त्यानंतरच्या अफगाण लढाईतल्या सैनिकांसाठी बांधलं. स्वतंत्र भारताच्या सैनिकांचं स्मारक त्याच्या मागे २०१९ साली झालं. चक्रव्यूहासारखी गोलात गोल अशी रचना आहे, आणि त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या विटांवर एकेका शहीद जवानाचं नाव कोरलंय, पंचवीस हजारांहून जास्त. तुम्ही सांगलीकडच्या. तुमच्या किंवा शेजारच्या सातारा-कोल्हापूरकडच्या गावातलं कुणी गेलं असेल तर नाव, रेजिमेंट आणि साल लिहून आणा, शोधायला सोपं जातं. मी एका म्हाताऱ्या बाईंना दिराच्या नावावर हात ठेवून उभं राहिलेलं बघितलंय. त्या दिवशी बाकी काही दाखवायची गरज उरली नाही. परमवीर चक्र मिळवणाऱ्यांचे अर्धपुतळे बाजूलाच आहेत. त्यात कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी इंजिनिअर तुकडीचे रामा राघोबा राणे दाखवा मुलाला. प्रवेश मोफत, आणि सूर्यास्ताच्या सुमाराला होणारी मानवंदना चुकवू नका. डिसेंबरात साडेपाचलाच मावळतो, हे लक्षात ठेवा.

रविवारी सकाळी दहाला राष्ट्रीय संग्रहालय. रविवारी लाल किल्ल्यावर अख्खी दिल्ली लोटते, संग्रहालयात त्या मानाने शांतता असते. इथे एकच सल्ला, आणि तो मोडू नका: सगळं बघायचं नाही. तीन मजले आहेत, दोन लाखांवर वस्तू आहेत असं सांगतात. ज्यांनी सगळं बघायचा हट्ट धरला त्यांना बाहेर आल्यावर मी विचारतो, काय आवडलं? उत्तर येतं, "छान होतं सगळं." म्हणजे काहीच दिसलं नाही.

तळमजल्यावर हडप्पा दालनात जा आणि नर्तकी शोधा. मोहेंजोदडोची ती काशाची मुलगी, शाळेच्या पुस्तकात अर्धं पान अडवून बसलेली. प्रत्यक्षात साडेदहा सेंटिमीटर! वीतभरसुद्धा नाही. लोक तिच्यासमोरून जातात आणि पुढे जाऊन विचारतात, नर्तकी कुठे आहे? डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला, उजवा कमरेवर, आणि हनुवटी अशी वर की "बोला, काय काम होतं?" साडेचार हजार वर्षांपूर्वी मेणाची मूर्ती करून, तिच्यावर माती लिंपून, ते मेण वितळवून, त्या पोकळीत धातू ओतून ही घडवली. बस्तरचे डोकराकाम करणारे कारागीर आजही जवळपास त्याच रीतीने काम करतात. मग हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकाळातल्या गावचा सांगाडा, मग बुद्धाच्या अस्थी. उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा इथल्या स्तूपात सापडलेल्या या अस्थी थायलंडहून आलेल्या सोनेरी मंडपात ठेवल्यात. परदेशी भिक्खू समोर बसून प्रार्थना करत असतात, आपले लोक मोबाईल काढतात. त्यानंतर चोळांचे कांस्य नटराज आणि बाहेर. दोन तास, फार तर अडीच. लिफ्ट आहे, सासऱ्यांना वरच्या मजल्यावरची लघुचित्रं बघायची हौस असेल तर त्रास नाही. मोठ्या पिशव्या दारात जमा कराव्या लागतात, औषधं वेगळ्या छोट्या थैलीत ठेवा.

जेवून, थोडं टेकून, चारच्या आत गांधी स्मृती. जुनं बिर्ला हाउस. आयुष्यातले शेवटचे १४४ दिवस गांधीजी इथे राहिले. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांची शेवटची पावलं सिमेंटमध्ये उमटवून ठेवलीत. त्या पावलांच्या बाजूने चालत जायचं आणि जिथे ती थांबतात तिथे आपणही थांबायचं. मराठी ग्रुप इथे हमखास गप्प होतो, कारण गोळी झाडणारा पुण्याहून आला होता हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यावर बोलायची कुणाची तयारी नसते. पूर्वी मी ती शांतता भरून काढायला काहीतरी बोलायचो. आता नाही बोलत.

सोमवार कुतुबपासून सुरू करा, पण दहाच्या आधी नको, धुक्यात मिनाराचं टोक दिसत नाही. मुलगा विचारेल वर जाता येतं का. नाही. ४ डिसेंबर १९८१ ला आतले दिवे गेले, जिन्यात चेंगराचेंगरी झाली आणि ४५ माणसं गेली, त्यात शाळेच्या सहलीला आलेली मुलं बरीच होती. तेव्हापासून जिना बंद.

मिनार साडेबहात्तर मीटरचा आहे, तो दिसतोच. न दिसणारी गोष्ट त्याच्या पायाशी आहे. कुव्वत-उल-इस्लाम मशिदीच्या ओवरीतले खांब नीट बघा: साखळीला टांगलेल्या घंटा, पानाफुलांच्या वेली, कीर्तिमुखं. मशिदीच्या दारावरचा शिलालेखच सांगतो की सत्तावीस मंदिरांचं साहित्य इथे लागलं. एवढं सगळे गाईड सांगतात आणि पुढे जातात. मी मंडळींना तिथून वळवून मशिदीच्या उंच कमानींकडे नेतो आणि विचारतो, ही कमान खरी की खोटी? कमान म्हणजे पाचरीसारखे दगड एकमेकांना रेटून तोललेले, शेंड्याला किल्लीचा दगड. इथे तसं नाही. इथे दगडाचे आडवे थर एकेक बोट पुढे काढत वर भेटवलेत आणि मग कडा कमानीसारख्या तासल्यात. बांधणारे हात इथल्याच गवंड्यांचे होते. त्यांना तुळई आणि पुढे काढलेले थर माहीत होते, जसे आपल्या हेमाडपंती देवळांच्या छतात असतात. मालकाला हवी होती कमान, गवंड्याने आपल्या रीतीने कमान करून दिली. मग शंभर पावलं चालून अलाई दरवाज्यापाशी या. १३११ चा. इथे कमान खरी आहे. शंभरेक वर्षांत गवंडी काय शिकले ते दोन दगडांच्या मांडणीत दिसतं.

आणि हा दरवाजा कुणाचा? अल्लाउद्दीन खिलजीचा. सुलतान व्हायच्या आधी, १२९६ मध्ये, हा देवगिरीवर चालून आला होता आणि रामदेवरायाची संपत्ती घेऊन गेला होता. त्या पैशावर त्याने दिल्लीचं तख्त मिळवलं. म्हणजे देवगिरीच्या सोन्याचा थोडा वाटा या आवारात आहे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. पुढे महंमद तुघलकाने राजधानीच उचलून देवगिरीला नेली ती गोष्ट मुलगा शाळेत शिकला असेल, त्याला इथे आठवण करून द्या.

लोहस्तंभाला कुंपण आहे, पाठ टेकवून हात मिळवायची जुनी गंमत १९९७ पासून संपली. तो गंजत नाही यात चमत्कार नाही, त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक घट्ट संरक्षक थर तयार झालाय. पण सहा टनांचा असा खांब सोळाशे वर्षांपूर्वी, घणाचे घाव घालून, तुकड्याला तुकडा जोडत कसा केला असेल, तिथे मात्र माझं डोकं चालत नाही.

दुपारनंतर हुमायूनचा मकबरा. सासऱ्यांसाठी महत्त्वाचं: मुख्य इमारत उंच जोत्यावर आहे आणि वर जाणारा जिना उभा, पायऱ्या गुडघाभर. त्यांना वर नेऊ नका. आत शिरल्यावर उजव्या हाताला ईसाखान नियाझीची अष्टकोनी कबर आहे, हुमायूनच्या मकबऱ्याच्याही आधीची, १५४७ ची. ती जमिनीलगत, तिथे त्यांना निवांत फिरता येईल, आणि मग चारबागेतल्या बाकावर बसून समोरचा लाल-पांढरा घुमट बघता येईल. खरं तर तिथूनच तो चांगला दिसतो. तुम्ही छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा बघितलाच असेल. आपल्याकडे त्याला गरिबांचा ताजमहाल म्हणून हिणवतात. घराणं असं आहे: हा मकबरा आजोबा, ताजमहाल बाप, बीबी का मकबरा मुलगा. आणि हे नुसतं म्हणायला नाही. लाल किल्ला आणि ताजशी ज्या उस्ताद अहमद लाहोरीचं नाव जोडलंय, त्याच्याच मुलाने, अताउल्लाने, बीबी का मकबरा उभारला. आजोबांना भेटून आलात की नातवाकडे बघायची नजर बदलते.

शेजारी २०२४ ला नवीन भूमिगत संग्रहालय उघडलंय, दिल्लीच्या जुन्या पायरीविहिरींच्या धर्तीवर बांधलेलं. अंगात ताकद उरली तर जा, नाही तर राहू द्या.

मंगळवार लाल किल्ल्याचा. मराठी माणूस इथे निराश होतो, मला पाठ आहे ते वाक्य: "हा कसला किल्ला? रायगड बघा!" बरोबर आहे, कारण हा लढायचा किल्ला नाही, हा तटबंदी घातलेला राजवाडा आहे. शाहजहानने १६३८ च्या सुमारास पाया घातला आणि १६४८ ला राहायला आला. रिकामा का वाटतो, तर १८५७ नंतर इंग्रजांनी आतल्या बहुतेक इमारती पाडल्या आणि सैनिकांच्या बराकी बांधल्या. आज मोकळी हिरवळ दिसते तिथे दालनं, अंगणं, बागा होत्या. उरलेत ते मोजके दाणे, माळ तुटलेली आहे. चालणं सपाट आहे, पण बरंच आहे. दारावर व्हीलचेअर मागा, संकोच करू नका.

दिवाण-ए-खासमध्ये गेल्यावर सगळे भिंतीवरचा फारसी शेर शोधतात, पृथ्वीवर स्वर्ग असेल तर तो इथेच आहे, वगैरे. तुम्ही छताकडे बघा. आजचं छत लाकडी आहे. पूर्वी तिथे चांदी होती. मयूरासन १७३९ मध्ये नादिरशहाने नेलं. आणि छताची चांदी? १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला द्यायला पैसा नव्हता, पुण्याहून येत नव्हता, अब्दाली पलीकडे बसलेला. भाऊंनी चांदीचा पत्रा उतरवला आणि वितळवून रुपये पाडले. सहा महिन्यांत पानिपत. हे मी इथे उभं राहून सांगतो तेव्हा निम्मे लोक मान खाली घालतात आणि निम्मे म्हणतात, "मग काय उपाशी मारायचं होतं फौजेला?" दोघांनाही मी थांबवत नाही.

पण तिथेच अर्धं सांगून सोडलं तर अन्याय होतो. १७८८ मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने याच किल्ल्यात बादशहा शाहआलमचे डोळे काढले. महादजी शिंद्यांनी फौज पाठवली, तिच्या पुढे राणेखान होता, पानिपतातून जखमी महादजींना वाचवणारा भिस्ती म्हणून आपल्याकडे गोष्टीत येतो तोच. किल्ला घेतला, गुलाम कादिर पकडला गेला आणि मारला गेला. तेव्हापासून १८०३ मध्ये जनरल लेकने दिल्ली घेईपर्यंत आंधळ्या बादशहाच्या आडून इथे शिंद्यांचाच अंमल होता.

याच किल्ल्यात तीन खटले चालले, ते सासऱ्यांना सांगा, त्यांना इतिहासाची आवड आहे म्हणालात. १८५८ मध्ये बहादूरशहा जफरचा, दिवाण-ए-खासमध्येच. १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, सहगल आणि ढिल्लन यांचा, बचावाला भुलाभाई देसाई. आणि १९४८-४९ मध्ये गांधीखुनाचा. म्हणून तर मी गांधी स्मृती आधी आणि लाल किल्ला नंतर ठेवतो. बराकींमधलं सुभाषबाबूंचं संग्रहालय चांगलं आहे, अर्धा तास द्या.

गाईड घ्यायचा तर इथे आणि कुतुबला घ्या, बाकी ठिकाणी गरज नाही. गळ्यात पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र आहे का बघा, पैसे आधी ठरवा, आणि "नंतर एका हस्तकलेच्या दुकानात फक्त पाच मिनिटं" असं म्हणाला की तिथेच नमस्कार करा. रिक्षावाला "आज ते बंद आहे" म्हणाला तरी स्वतः जाऊन बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. सोमवार सोडून!

दुपारी चांदनी चौक. आता दिवसा मोटारगाड्यांना बंदी आहे, त्यामुळे सायकलरिक्षात दोघं ज्येष्ठ आरामात बसतील. गुरुद्वारा सीसगंजला डोकं झाकून जा, लंगरमध्ये बसा. थंडीत हातगाडीवर 'दौलत की चाट' मिळते. नावावर जाऊ नका, चाट नाही ती, दुधाचा फेस आहे, तोंडात ठेवला की गायब. सासूबाई म्हणतील पैसे कशाचे दिले. जामा मशीद बाहेरून बघा, पायऱ्या खूप आहेत.

एवढ्यावर सासऱ्यांचे गुडघे ठीक असतील तर त्या आठांशिवाय एक नववं ठिकाण, तुमच्या यादीत नव्हतं आणि मला त्याचं आश्चर्य वाटलं. चांदनी चौकातून पिवळ्या मेट्रोने दोन स्टेशनं, सिव्हिल लाइन्स. तिथून रिक्षाने २६, अलीपूर रोड. मंत्रिपद सोडल्यावर बाबासाहेब इथे राहायला आले आणि ६ डिसेंबर १९५६ ला पहाटे इथेच गेले. २०१८ पासून तिथे स्मारक आहे, उघड्या राज्यघटनेच्या आकाराचं. तुमच्या तारखा ६ डिसेंबरच्या आगेमागे आहेत. आपण सगळे चैत्यभूमी ओळखतो, हे घर फार थोड्यांना माहीत असतं.

कानटोप्या आणा, सांगलीची थंडी आणि इथली यांचा संबंध नाही. मंगळवारी खोली सोडलीत की मोठं सामान नवी दिल्ली स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा, किल्ल्याच्या दारात बॅगा घेऊन गेलात तर तासभर तिथेच जाईल. क्लोकरूमला बॅगेला कुलूप लागतं, नसेल तर घेत नाहीत. पहाडगंजच्या बाजूला कुलूपवाले बसतातच, पण घरूनच आणा, स्वस्त पडेल.